माणूस बदलला म्हणजे काम सुधारत नाही



"शाळेतला शिपाई काम करीत नाही," ही तक्रार आजकाल इतक्या ठिकाणी ऐकू येते की, ती खरी की खोटी हे तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. शौचालय घाण आहे, शिपाई काम करीत नाही. पाण्याची टाकी धुतलेली नाही, शिपाई काम करीत नाही. दाखला चार दिवस मिळाला नाही, कारकून काम करीत नाही. मुलांचे जेवण करपले, बाईंचे लक्ष नाही. मुख्याध्यापक संस्थेला सांगतात, संस्था शिक्षण खात्याला सांगते आणि खाते शेवटी एकच औषध काढते. पद रद्द करा आणि ठेकेदाराकडून माणूस घ्या.

या तक्रारीकडे संघटनांनी कानाडोळा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळेत काम नीट होत नसेल तर त्याचा त्रास आपल्याच मुलांना होतो. साहेबांची मुले त्या शाळेत जात नाहीत. परंतु काम नीट होत नाही याचे कारण न शोधता माणूसच काढून टाकणे, हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. या दोन्ही गोष्टी एकदम बोलण्याचे धाडस संघटनेने केले पाहिजे. त्यासाठीच हा लेख.

आम्ही रेल्वेतले. शाळेच्या कर्मचाऱ्यांविषयी आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, चार्जशीट, जबाब, चौकशी, अपील या गोष्टी रेल्वे कामगाराच्या पाचवीलाच पुजलेल्या असतात. त्यामुळे आसपासच्या शाळांतील कर्मचारी नोटीस हातात पडली की आमच्याकडे उत्तर लिहून घ्यायला येतात. दुसरे म्हणजे, आज जे शाळेत चालले आहे ते आमच्याकडे आधी घडून गेले आहे. स्टेशनवरील सफाई, गाड्यांतील सफाई ठेक्यावर गेली, तेव्हाही हेच कारण सांगितले गेले होते की कायम कामगार काम करीत नाही.

जानकीपुरममधून काय दिसते

नोकरीनिमित्त आम्ही लखनौत, जानकीपुरम येथे राहतो. शहराच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्याच्या बाजूला विकास प्राधिकरणाने वसवलेली ही वसाहत. लखनौ विद्यापीठाचे नवे आवार या भागात आहे, तंत्रशास्त्र विद्यापीठही आहे. नोकरदारांची वस्ती असल्याने शाळांना तोटा नाही. या भागात व आसपास तीन तऱ्हेच्या शाळा दिसतात आणि तिन्हीकडे शिपाई-आया-स्वयंपाकी यांची स्थिती वेगळी आहे.

पहिली सरकारी प्राथमिक शाळा. तिला साधारणपणे स्वतःचा शिपाई नसतो आणि कारकूनही नसतो. असते ती फक्त स्वयंपाक करणारी बाई, जिला इकडे रसोइया म्हणतात. शाळेचे कुलूप मुख्याध्यापिका स्वतः उघडते. पालिकेचा सफाई कामगार आला तर झाडलोट होते, नाही आला तर रसोइया झाडू हातात घेते. तिचे काम स्वयंपाकाचे, पण "कामाकडे लक्ष नाही" हा शेरा मात्र झाडण्यावरून.

दुसरी अनुदानित शाळा, म्हणजे इकडचे इंटर कॉलेज. इथे शिपायाला परिचारक म्हणतात. कागदावर मंजूर पदे आहेत. पण माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची तशीच रिकामी राहते आणि त्याचे काम उरलेल्यांच्या डोक्यावर येते.

तिसरी खाजगी विनाअनुदानित शाळा. आया, बसचा ड्रायव्हर, दरवाजावरचा पहारेकरी हे एजन्सीचे. नेमणुकीचे पत्र बहुतेकांकडे नसते. तिथे कामात कसूर झाली का, हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढे सांगितले की झाले.

तीन ठिकाणी तीन तऱ्हा, पण शब्द एकच: कामचोर. आमचा आक्षेप पहिल्यांदा या शब्दाला आहे.

कायद्यात शौचालय आहे, ते धुणारा माणूस नाही

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे ते लिहिले आहे. किती मुलांमागे किती शिक्षक, किती खोल्या, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालये, जेवण शिजवायला स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण, ग्रंथालय. चांगली यादी आहे. पण त्या यादीत शिपाई नाही, सफाई कामगार नाही, कारकून नाही. शौचालय हवे असे कायदा म्हणतो, ते रोज कोण धुणार यावर तो गप्प आहे.

याचा परिणाम काय झाला ते सरकारच्याच लेखापरीक्षकांनी सांगितले आहे. २०१४ नंतर 'स्वच्छ विद्यालय' मोहिमेत केंद्र सरकारच्या कंपन्यांनी शाळांत मोठ्या संख्येने शौचालये बांधली. महालेखापालांनी त्यातील काही निवडून पाहणी केली आणि तो अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेपुढे आला. पाहिलेल्या शौचालयांपैकी ७२ टक्के ठिकाणी आत वाहते पाणी नव्हते. दिवसातून निदान एकदा सफाई हा नियम ७५ टक्के ठिकाणी पाळला जात नव्हता.

आता सांगा, ही कसूर कोणाची? पाणी नाही, माणूस नेमलेला नाही आणि नियम मात्र रोज सफाईचा. अशा जागी जो एक माणूस सापडेल त्याच्या नावावर ठपका ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

सगळी कसूर एकसारखी नसते

असे म्हटले म्हणून आमच्यात कोणीच काम टाळत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा पुढारी सभासदांना फसवतो. हजेरी लावून दुपारी घरी जाणारे आहेत, एकाच्या जागी दुसऱ्याला राबवणारे आहेत, दारू पिऊन येणारे आहेत. त्यांचे काम शेजारच्या भावाला करावे लागते, हे विसरू नका. कामचुकाराचा पहिला बळी मुख्याध्यापक नसतो, त्याच्याच बरोबरचा प्रामाणिक कामगार असतो.

परंतु वर्षानुवर्षे नोटिसांची उत्तरे लिहिताना आम्हाला असे दिसले आहे की, 'कामात कसूर' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, काम येत नाही. कालपर्यंत टपाल नेणाऱ्या माणसाला आज संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती भरायला सांगतात. शिकवले कोणी नाही. चूक झाली की शेरा तयार.

दुसरी, काम झेपत नाही. पंचावन्न वर्षांचा परिचारक, गुडघे गेलेले, आणि तीन मजल्यांवर दिवसातून दहा वेळा चढणे-उतरणे. रेल्वेत गँगमन किंवा ड्रायव्हर वैद्यकीय तपासणीत नापास झाला तर त्याला घरी पाठवत नाहीत, दुसरे झेपेल असे काम देतात. ही मेहेरबानी नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढता येणार नाही, दुसरे काम द्यावे, असे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ मध्ये होते. २०१६ च्या नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांसाठी तेच आहे. शाळेच्या शिपायाचे गुडघे काय वेगळ्या हाडांचे असतात?

तिसरी, काम करू दिले जात नाही. झाडू नाही, फिनेल नाही, पंपाची मोटर जळालेली आहे. किंवा पाच माणसांचे काम दोघांवर आहे. किंवा शाळेच्या वेळात साहेबांच्या घरची भाजी आणायला पाठवले आहे.

चौथी, करायचेच नाही. ही खरी कसूर. पण ती चारांतली एक आहे. पहिल्या तिघांवर शिक्षा हा उपायच नाही. शिकवा, काम बदला, साधने व माणसे द्या. चौथ्यावर मात्र कारवाई झालीच पाहिजे आणि ती नियमाने झाली पाहिजे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या माहितीतील एका अनुदानित शाळेत दोघा परिचारकांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची नोटीस मिळाली. "आपणांस कामात रस नाही" एवढाच आरोप. आम्ही उत्तरात तीनच प्रश्न विचारले. यांना नेमून दिलेले काम कोणत्या कागदावर आहे? मंजूर पदे किती व भरलेली किती? यापूर्वी लेखी समज कधी दिली? तिन्हींना उत्तर नव्हते. मग बोलणी झाली. दोघांची कामे वाटून लेखी दिली. वयस्क माणसाला दरवाजा, घंटा व टपाल दिले, जिन्याची कामे काढली. मोटर दुरुस्त झाली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा त्या वयस्क माणसाविषयी एकही तक्रार नव्हती. दुसरा मात्र तरुण होता, त्याची अडचण काही नव्हती, तरी तो दुपारनंतर गायब होत असे. आता त्याचे काम कागदावर होते, त्यामुळे ते दिसून आले. त्याला समज मिळाली, तरीही फरक पडला नाही, तेव्हा एक वेतनवाढ रोखली गेली. तो आमच्याकडे भांडायला आला. आम्ही त्याला सांगितले, ही शिक्षा नियमाने झाली आहे, तुझी बाजू ऐकून घेतली आहे, आता काम कर. संघटना तुझी नोकरी वाचवील, तुझी सुट्टी वाचवणार नाही.

एकाच मजकुराच्या दोन नोटिसा, पण आतील माणसे दोन आणि उत्तरेही दोन. हे वेगळे करून पाहणे म्हणजेच व्यवस्थापन. ते मुख्याध्यापकाचे काम आहे आणि ते न करणे ही मुख्याध्यापकाची कसूर आहे.

नियम आहेत, ते वापरत कोणी नाही

कित्येक संस्थाचालक म्हणतात की, कायम कर्मचाऱ्याला हात लावता येत नाही, म्हणून पद ठेक्यावर द्यावे लागते. हे खरे नाही.

महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला व त्याची नियमावली १९८१ साली आली. ती शिक्षकांना आहे तशीच शिपाई-कारकुनांनाही आहे. नव्या माणसाला दोन वर्षे परिवीक्षेवर ठेवायचे, त्या काळात मुख्याध्यापकाने त्याचे काम तपासायचे आणि काम समाधानकारक नसेल तर नोटीस देऊन सेवा संपवता येते. कायम झालेल्याला ताकीद देता येते, ठपका ठेवता येतो, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखता येते. मोठी शिक्षा द्यायची तर तीन जणांची चौकशी समिती नेमायची. त्यातील एक सदस्य कर्मचाऱ्याने सुचवलेला असतो. शिक्षा मान्य नसेल तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. म्हणजे हात लावता येतो. हात लावण्यापूर्वी लिहावे लागते, सांगावे लागते, ऐकून घ्यावे लागते, एवढेच.

आमच्या रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत. छोट्या शिक्षेची चार्जशीट वेगळी, मोठ्या शिक्षेची वेगळी. मोठ्या चौकशीत कामगार आपल्या बचावासाठी दुसरा रेल्वे कामगार किंवा मान्यताप्राप्त युनियनचा पदाधिकारी बरोबर घेऊ शकतो. या नियमांखाली शिक्षा होत नाहीत असे का कोणी म्हणेल? रोज होतात, आणि तरीही रेल्वे चालते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर सुचवलेली रीतही हीच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८२ साली नोकरी संपवण्याविषयी करार क्रमांक १५८ व शिफारस क्रमांक १६६ मंजूर केली. काम समाधानकारक नाही म्हणून कामगाराला काढायचे असेल तर आधी त्याला योग्य सूचना द्याव्यात, लेखी समज द्यावी, सुधारण्यासाठी वाजवी मुदत द्यावी आणि त्यानंतरही काम सुधारले नाही तरच काढावे, असा त्या शिफारशीचा आशय आहे. आपल्या देशाने हा करार मंजूर केलेला नाही, ही शरमेची गोष्ट आहे. तरी सूचना, समज, मुदत या तीन पायऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाला पटण्यासारख्या आहेत.

उलट ज्या वाटेत यातले काहीच लागत नाही, ती वाट सरकारला अधिक आवडते. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०१७ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांची छाननी करण्याचा आदेश काढला. रेल्वेतही २०१९ मध्ये पंचावन्न वर्षे वय किंवा तीस वर्षे सेवा झालेल्यांच्या याद्या मागवल्या गेल्या. सक्तीची निवृत्ती ही कायद्याच्या भाषेत शिक्षा नव्हे, म्हणून तिला आरोपपत्र नको की चौकशी नको. ज्याने तीस वर्षे काम केले त्याला तीस ओळींचे आरोपपत्रही मिळू नये, याला कसली शिस्त म्हणायची?

पद गेले, काम राहिले

आता महाराष्ट्राकडे पाहू. ११ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने निर्णय काढून अनुदानित खाजगी शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे पुढे न भरण्याचे ठरवले. आहेत ते निवृत्त होईपर्यंत राहतील, त्यानंतर त्या जागी शाळेला शिपाई भत्ता. मुंबई-पुण्याला महिना १०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. एका माणसाच्या पूर्णवेळ कामाचे महिन्याला पाच हजार! घंटा तीच, खोल्या त्याच, शौचालये तीच, मुलेही तितकीच. पद गेले, काम राहिले. पाच हजारांत जो माणूस मिळेल तो दुसरीकडे सहा हजार मिळाले की जाईल. त्याच्याकडून कोणते काम सुधारून घेणार?

उत्तर प्रदेशातही तेच. इंटर कॉलेजांतील चतुर्थश्रेणीच्या रिकाम्या जागा बाह्य एजन्सीमार्फतच भराव्यात, असा बदल नियमात झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता, परंतु २७ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. निकाल आपल्या बाजूने नाही, हे मान्य करूनच पुढे चालले पाहिजे. पण धोरण कायदेशीर ठरले म्हणजे ते शहाणपणाचे ठरले असे नव्हे.

रसोइया बाईंची कथा तर आणखी विदारक. २००९ च्या अखेरीस केंद्राने त्यांचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिने. बस्ती जिल्ह्यातील एका शाळेत २००५ पासून स्वयंपाक करणाऱ्या बाईला काढून टाकण्यात आले, तेव्हा ती अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, हजार रुपयांत राबवून घेणे ही वेठबिगारी आहे आणि घटनेच्या कलम २३ चा भंग आहे. किमान वेतन द्यावे असा आदेशही दिला. त्यानंतर राज्याने मानधन वाढवले ते २,००० रुपयांपर्यंत. पंचवीस मुलांपर्यंत एक बाई, शंभरपर्यंत दोन, हे प्रमाण. पन्नास मुलांचा स्वयंपाक रोज एका बाईच्या वाट्याला, वर झाडू, आणि वर "कामाकडे लक्ष नाही" हा शेरा!

ठेक्याने काम सुधारते का, हा मूळ प्रश्न. ठेक्याच्या माणसाला मुख्याध्यापक समज देऊ शकत नाही, कारण तो शाळेचा नोकर नाही. मुख्याध्यापक ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन करतो. सुपरवायझर उद्या दुसरा माणूस पाठवतो. तक्रार मिटली असे कागदावर दिसते. परंतु नव्या माणसाला कोणता नळ गळतो ते ठाऊक नसते. कोणत्या मुलाला फिट येते ते ठाऊक नसते. कोणत्या मुलीला कोणाच्या हाती सोपवायचे नाही, हे दरवाजावरच्या जुन्या शिपायाला पाठ असते, नव्या पहारेकऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो शिकेपर्यंत त्याचीही बदली झालेली असते. इथे कामाचे व्यवस्थापन होतच नाही, फक्त माणसांची अदलाबदल होते. ज्याला ठेवायचेच नाही त्याला सुधारण्याची तसदी कोण घेईल? आणि उद्या आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तरी जीव ओतून काम का करील?

हे आता न्यायालयांनाही दिसू लागले आहे. उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगात १९८९ ते १९९२ च्या दरम्यान लागलेले शिपाई व ड्रायव्हर तीन दशके रोजंदारीवर राबत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने ठेक्यावरील कर्मचाऱ्यांसाठी सरकारी निगम स्थापण्यास मंजुरी दिली. एजन्सीकडून पिळवणूक होते, हे सरकारनेच त्यातून मान्य केले. महाराष्ट्रातही खाजगी कंपन्यांमार्फत भरतीचा निर्णय सरकारला ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला. तो तरुणांच्या व संघटनांच्या रेट्यामुळे, हे ध्यानात ठेवा.

एक धोका मात्र नवा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून शिक्षणसंस्थेतील शिक्षकेतर कर्मचाऱ्याला औद्योगिक कायद्याचा आधार होता. नव्या संहितेत धर्मादाय व सामाजिक सेवा करणाऱ्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. भरमसाट फी घेणाऱ्या शाळाही उद्या आम्ही धर्मादाय आहोत असे सांगत उभ्या राहतील. आपल्या कायदा सल्लागारांनी यावर आत्तापासून लक्ष ठेवावे.

मुख्याध्यापकांची बाजू

मुख्याध्यापकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, चौकशी करायला आमच्याकडे वेळ कुठे आहे? एक शिपाई दारू पिऊन येतो, वर्ष झाले तरी प्रकरण संपत नाही, मुले ते रोज पाहतात. हे दुःख खरे आहे. पण प्रकरणे रेंगाळतात ती बहुधा यामुळे की पहिली पाच वर्षे कोणी एक ओळ लिहीत नाही आणि सहाव्या वर्षी रागाच्या भरात एकदम बडतर्फीचा कागद काढला जातो. मग अपिलात तो टिकत नाही. दोष नियमाचा नाही, आळसाचा आहे. पहिल्याच महिन्यात बोलावून सांगितले, दुसऱ्यात लिहून दिले, तिसऱ्यात तपासले, तर बहुतेक प्रकरणे चौकशीपर्यंत जाणारच नाहीत. दारूच्या बाबतीत तर आधी उपचार व मग शिक्षा, हा क्रम घरच्यांनाही हवा असतो.

आणि एक. गोपनीय शेरे ही गोष्टच चुकीची. सरकारी सेवकाविषयी अहवालात लिहिलेला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. ज्याला आपली चूक कळलीच नाही तो ती सुधारणार कशी?

आपण काय करावे

शाळा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी या मुद्द्यांवर आग्रह धरावा, असे आम्ही सुचवतो.

एक, प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या कामाची यादी लेखी द्यावी. यादीत नसलेले काम, विशेषतः घरगडी म्हणून काम, करून घेऊ नये.

दोन, तक्रार आली तर प्रथम कारण पाहावे. काम येत नाही, झेपत नाही, करू दिले जात नाही की करायचे नाही? पहिल्या तिघांना नोटीस देऊ नये.

तीन, सूचना, लेखी समज व तीन महिन्यांची मुदत या पायऱ्या पाळल्याशिवाय शिक्षा नसावी. शिक्षा झाली तर अपिलाचा हक्क असावा व चौकशीत संघटनेचा माणूस बरोबर असावा.

चार, मुलांच्या संख्येनुसार शिपाई व सफाई कामगारांची पदे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात घालावीत. शौचालयाचे माप लिहिता येते तर ते धुणाऱ्याचेही लिहिता येईल.

पाच, ठेक्यावरच्या व मानधनावरच्या कर्मचाऱ्यांना सभासद करून घ्या. त्यांना बाहेर ठेवून कायम माणसाची नोकरी वाचणार नाही.

सहा, आणि हे आपल्यासाठी. संघटनेने आपल्या सभासदाला खडसावण्याची हिंमत ठेवावी. शाखेच्या सभेत कामाविषयी बोलावे. जो सभासद आपल्या सोबत्यावर काम ढकलतो, त्याला आधी आपण समज द्यावी. आपण गप्प बसलो की सरकारच्या हाती आयते कोलीत मिळते आणि सुक्याबरोबर ओलेही जळते.

बंधू-भगिनींनो, शाळेची घंटा देणारा माणूस हा शाळेचा भाग आहे. त्याचे काम चोख असले पाहिजे, ही आपलीही मागणी आहे. पण चोख काम हवे असेल तर पुरता पगार, पुरती माणसे, हातात साधन आणि उद्याची खात्री हवी. एवढे देऊन मग हिशेब मागा. तो द्यायला आपण तयार आहोत, आणि तयार असलेच पाहिजे. येत्या वर्षात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील निदान एका शाळेत कामाच्या याद्या लेखी करून घ्याव्यात. काम कागदावर आले की कामचोर कोण आणि बळीचा बकरा कोण, हे आपोआप दिसू लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!